न संपणारा पेन्सिल सेल

मयूर आईच्या मांडीवर बसून साबणाचे फुगे बघत होता आणि मी स्क्रीन बघत होते. फुगे झकास येत होते. स्क्रीनवर काहीच येत नव्हतं.

"मॅडम, परत एकदा लावू?" फुगे उडवणारा आमचा टेक्निशियन सावंत म्हणाला.

"लाव."

स्पीकरमधून पुन्हा 'बा, बा, बा' सुरू झालं. मयूरच्या छातीवर श्रवणयंत्राचा डबा बांधलेला होता, त्याची वायर कानात गेलेली होती आणि डोक्यावर आमचे इलेक्ट्रोड चिकटवलेले होते. इलेक्ट्रोड म्हणजे शर्टाच्या बटणाएवढी चकती. मेंदूत उठणारी बारीकशी वीज ती कवटीवरून टिपते. एवढा संसार अंगावर घेऊन दोन वर्षांचं पोर शांत बसलं होतं. मुलाचं काही चुकत नव्हतं. तरी रेघ सपाट ती सपाटच.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं. आमची लॅब वागळे इस्टेटमध्ये एका स्क्रूच्या कारखान्याच्या माडीवर होती. आमच्या संस्थेला तीच जागा परवडली. खाली स्क्रू कातायचं लेथ सुरू झालं, की त्याच्या विजेमुळे स्क्रीनवर मुलाच्या मेंदूऐवजी लेथचा मेंदू दिसायचा. म्हणून रेकॉर्डिंग फक्त शुक्रवारी, इस्टेटच्या सुट्टीच्या दिवशी. एरवीचे दिवस मी हिशेब मांडायचे, पेपर लिहायचे आणि लेथच्या मालकाला शिव्या घालायचे.

मी न्यूरोसायंटिस्ट. दारावर 'डॉ.' लिहिल्यामुळे सोसायटीतले लोक मला अर्धशिशी, चक्कर आणि जावयाचं डोकं फिरलंय हे सगळं दाखवायला यायचे. मी पीएच.डी.वाली डॉक्टर आहे, मला गोळी लिहून देता येत नाही, असं सांगितलं की चेहरा पडायचा. "मग करता काय?" असा पुढचा प्रश्न. तर काय करत होते ते सांगते.

जन्मतः बाळाच्या मेंदूत बरीच जागा अर्धवट बांधलेली असते. कुठल्या जागेत काय करायचं याचा साधारण आराखडा असतो, पण पक्कं काम नंतर, वापराप्रमाणे होतं. ऐकण्यासाठी राखलेल्या जागेत आवाज आला, की ती जागा ऐकायला लागते. आवाज आलाच नाही, तर? आमच्या ठाण्यात रिकामा प्लॉट तसाच ठेवला तर काय होतं ते मी सांगायला नको. आधी हातगाडी, मग ताडपत्री, मग विटा, आणि मालक जागा होईपर्यंत तिथे मंडळाचा गणपतीसुद्धा बसलेला असतो. मेंदूतही बघणं आणि स्पर्श हे दोघे शेजारी ऐकण्याच्या जागेत हातपाय पसरतात. पहिली काही वर्षं हे अतिक्रमण उठवता येतं. पुढे कोर्टात गेलात तरी उठत नाही. मेंदूच्या या लवचिकपणाला आम्ही प्लॅस्टिसिटी म्हणतो. माझा अभ्यास त्या पहिल्या वर्षांचा होता. बहिऱ्या बाळांना श्रवणयंत्र दिल्यावर मेंदूतून आवाजाला उत्तर येऊ लागतं का, आणि किती लवकर. ते उत्तर म्हणजे स्क्रीनवरची एक छोटीशी लाट.

बाकीच्या मुलांमध्ये लाट उठायला लागली होती. कोणाची लंगडत, कोणाची झोकात, पण उठत होती. मयूरला यंत्र मिळून बरेच महिने झाले होते. त्याला थोडं मूळचं ऐकू होतं, त्यामुळे यंत्राचा उपयोग व्हायलाच हवा होता. आणि त्याची रेघ पहिल्या दिवशी होती तशीच होती.

मी कागद घेऊन टिपणीस सरांकडे गेले. टिपणीस सर म्हणजे आमचे डायरेक्टर. एकेकाळचे कानाचे सर्जन, आता मुख्यतः भाषणांचे.

"हा मुलगा आउटलायर आहे," सर म्हणाले. आउटलायर म्हणजे कळप सोडून चालणारा आकडा. "काढून टाक. पैसे देणारी दिल्लीची कमिटी येतेय, त्यांना स्वच्छ ग्राफ हवा."

"सर, का येत नाही ते तरी बघू द्या."

"काही मेंदू नाही शिकत."

"दोन वर्षांचा मेंदू नाही शिकत? मग आपण दोघांनी तर घरीच बसायला हवं."

सरांनी चष्मा काढला. हे रागाचं लक्षण. "तू फार भावनेत अडकतेस."

खरं सांगायचं तर मी अडकलेच होते. ग्राफमधून एक ठिपका खोडणं सोपं असतं. पण आमच्या अभ्यासातून निघाला, की हा मुलगा पुन्हा कोणाच्या नजरेला पडणार नव्हता. शाळेत घालायच्या वयात कोणीतरी म्हणालं असतं, मुका आहे. तोवर प्लॉट गेलेला असता.

मग मी शोधायला बसले. इलेक्ट्रोड तपासले. स्पीकर तपासला. मयूरचं श्रवणयंत्र स्वतःच्या कानाला लावून बघितलं, ठणठणीत होतं. कानात बसणारा साचा नीट होता. सुनंदाला, म्हणजे मयूरच्या आईला, विचारलं, "नीट लावतेस ना?"

"लावते की मॅडम," ती म्हणाली. सुनंदाचं माहेर मानपाड्याचं, ठाण्याच्या खाडीकडच्या कोळीवाड्यात दिलेली. बारावी झालेली, हुशार मुलगी. खोटं बोलणारी नव्हती. आणि दर शुक्रवारी मयूर यायचा तो न्हाऊनमाखून, पावडर लावून, इस्त्रीच्या शर्टावर यंत्राचा पट्टा नीट ताणून. बाकीच्या मुलांची यंत्रं डाळभातानं माखलेली असायची. मयूरचं शोकेसमधून काढल्यासारखं. मला तर त्या घराचं कौतुकच वाटायचं.

पुढच्या शुक्रवारी सावंत सेल वाटत बसला होता. त्या वेळच्या यंत्रांना पेन्सिल सेल लागायचे आणि ते संस्था द्यायची. आया आल्या, की आधी झुंबड सेलवर.

"खातात काय सेल?" सावंत वैतागून म्हणाला. "मॅडम, घरी रेडिओत घालतात, सांगतो तुम्हाला. ही एक मयूरची आई बघा, शहाणी. कधी मागत नाही."

मी हातातला चहा खाली ठेवला.

"कधीच?"

"एकदा पण नाही."

सुनंदा बाकावर मयूरचे केस विंचरत होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"सुनंदा, सेल बाहेरून विकत घेतेस का गं?"

"नाही मॅडम. पहिला दिलेला तोच चालूय," ती खूश होऊन म्हणाली. "चांगल्या कंपनीचा आहे."

दिवसभर चालणाऱ्या यंत्रात तो सेल काही आठवड्यांत मान टाकतो.

"मयूर हे केव्हा केव्हा घालतो?"

"इथे येताना घालतो ना. दवाखान्यात जाताना. लग्नाला, हळदीला. गौरीत तर तिन्ही दिवस घातलेलं."

"आणि घरी?"

"घरी कशाला मॅडम? खराब होईल ना." माझा चेहरा बघून तिचा आवाज खाली गेला. "आणि सासूबाई देत पण नाहीत. किल्ली त्यांच्याकडे असते."

"कसली किल्ली?"

"कपाटाची."

एवढे महिने मी एका बाळाच्या मेंदूवर श्रवणयंत्राचा परिणाम मोजत होते आणि श्रवणयंत्र कपाटात होतं. पेपर छापून आला असता तर 'लोखंडी कपाटाचा मेंदूवर होणारा परिणाम' असा विषय द्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेले. हिराबाई, मयूरची आजी, बाजारातून मासळी विकून नुकतीच आली होती आणि ओट्यावर टोपल्या धूत होती. उंचीला माझ्या खांद्याएवढी, आवाजाला माझ्या चौपट. मला बघून तिनं आधी सुनेला चहा टाकायला लावला, मग शेजारणीला हाक मारून सांगितलं, की मयूरची डॉक्टरीण आली हाय. मयूर दारातच बसून खाडीतल्या तिसऱ्यांची शिंपली एका डब्यात भरत होता. अंगावर फक्त कमरेचा काळा करगोटा. कान रिकामे.

"आजी, यंत्र कुठंय?"

तिनं कमरेची किल्ली सोडली आणि कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात लाल मखमलीच्या डब्या, तिचा हार, सुनेचा हार, घराचे कागद आणि रुमालात गुंडाळलेलं यंत्र. शेजारी डांबरगोळी.

"बघ," ती अभिमानानं म्हणाली. "एक वरखडा नाय."

"आजी, हे कपाटात का ठेवलंय?"

"मंग कुठं ठेवू? म्हागाची वस्तू. तुजाच सायेब बोलला ना माइकवर? अमूल्य वस्तू हाय, जिवापाड जपा बोलला. नारळ फोडला, हार घातला. मी जपली. दुसऱ्यांच्या पोरांची बघ, कशी भिकाऱ्यावानी जालीत."

यंत्रवाटपाच्या समारंभात टिपणीस सर खरोखरच असं बोलले होते. टाळ्या मीही वाजवल्या होत्या. एवढ्या श्रोत्यांत सरांचं भाषण मनावर घेणारी ही एकटीच निघाली, याला काय म्हणावं?

मी समजावायला लागले. मेंदू, वय, सवय. ती टोपली धूत राहिली. मग मला वाटलं, माणसाला त्याच्या भाषेत सांगावं. म्हटलं, "आजी, खाडीत होडीची वाट असते ना, होड्या जायच्या बंद झाल्या की गाळानं भरते. तसंच कानाच्या वाटेचं..."

"होड्या गेल्या नाय म्हणून गाळ नाय भरत गो बाय," ती म्हणाली. "कंपन्यांच्या पाण्यानं भरतो. तुमच्याच इस्टेटीतल्या."

शेजारीण हसली. मी चहा प्यायले.

"आजी," शेवटी मी सरळच म्हटलं, "असंच चाललं तर हा मुका राहील."

टोपलीवरचा हात थांबला. "मुका कसाला? आमच्यात पोरगे उशिराच बोलतात. याचा बापूस चार वर्सांचा जाला तवा बोलला. आनि याला ऐकू येतं. मी घरात आली की वळून बघतो."

"त्याला मागून हाक मारा. पाय न वाजवता."

"मारते की."

मयूर आमच्याकडे पाठ करून शिंपली भरत होता. हिराबाई त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "मयू," ती लाडानं म्हणाली. "ए मयू." मग जरा मोठ्यानं. मग बाजारातल्या आवाजात, ज्या आवाजानं पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक वळतं. "मयू! ए माज्या राज्या!" समोरच्या दोन घरांतून माणसं बाहेर आली. कुत्रं उठून बसलं. मयूरनं एक शिंपलं उचललं, उलटं करून बघितलं आणि डब्यात टाकलं.

मला तिचा राग आला होता, तो कुठल्या कुठे गेला. मी रुमालातून यंत्र काढलं, त्याच्या छातीवर बांधलं, कानात साचा बसवला आणि खटका दाबला. "आता हाक मारा," म्हटलं.

"मयू," हिराबाई म्हणाली. आवाज फाटला होता.

मयूरचा हात हवेत थांबला. त्यानं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि मग वर छताकडे बघितलं. आवाज कुठून येतो हे त्याला माहीतच नव्हतं. ते शिकायलाही सराव लागतो, आणि त्याचा सराव तेवढा हळदीच्या मांडवातल्या बेंजोपुरता झाला होता. आजीनं पुन्हा हाक मारली. तो पुन्हा छताकडे बघून हसला.

हिराबाई ओट्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"रोज घातलं तर?" तिनं विचारलं.

"उठल्यापासून झोपेपर्यंत. फक्त आंघोळीला काढायचं."

"फुटंल ना गो."

वैज्ञानिक बोलणं संपलं होतं. मी मयूरच्या कमरेकडे बोट दाखवलं. करगोट्यात चांदीचा मणी होता. "ही चांदी आहे ना? ही का नाही कपाटात?"

"ती कशी काडायची? करगोटा हाय तो. अंगावरचा."

"मग हेही अंगावरचंच समजा."

तिनं विचार केला. आमच्या घरांमध्ये वस्तूंच्या दोनच जाती असतात, कपाटातल्या आणि अंगावरच्या. आमच्या सरांनी भाषणात यंत्राला चुकीच्या जातीत घातलं होतं. आमच्याही घरी चांगले कप पाहुण्यांसाठी होते आणि आम्ही कान तुटलेल्यांतून चहा प्यायचो, त्यामुळे मला तिला हसायचा काही अधिकार नव्हता.

"फुटलं तर दुसरं देशील?"

"देऊ."

ही शुद्ध थाप होती. दुसरं यंत्र द्यायचा अधिकार मला नव्हता. सोमवारी सरांना सांगितलं.

"कोणाच्या बजेटमधून?"

"ते बघू सर. आधी फुटू तर द्या."

"आणि तिनं ते कपाटात ठेवलंच कसं? एवढं समजू नये?"

"तुमचं भाषण ऐकून ठेवलं, सर."

सरांनी चष्मा काढला. मी बाहेर आले.

पुढे यंत्राचे जे हाल झाले ते विचारू नका. पहिल्याच महिन्यात वायर तुटली. मग डब्यात खारं पाणी गेलं. मग एकदा सावंतनं ते दुरुस्तीला उघडलं तर आतून मासळीचे खवले निघाले. "मॅडम, हे रिपेअरला कोण घेईल? सुक्या बोंबलाचा वास मारतोय," तो नाकाला रुमाल लावून म्हणाला. पण तोच मुकाट्यानं साफ करायचा, कारण सेलच्या रांगेत आता मयूरची आई सगळ्यांत पुढे असायची. हिराबाई नातवाला रोज बाजारात घेऊन बसायला लागली होती. बसायच्या पाटाशेजारी पाट. चालेल ना, असं तिनं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. आवाजाला तिथे तोटा नव्हता.

रेघ मात्र हट्टी. एक शुक्रवार गेला, दुसरा गेला. सर दर सोमवारी विचारायचे, "तुझ्या मत्स्यावताराचं काय?" मी म्हणायचे, येईल. मला खात्री नव्हती. महिने वाया गेले होते आणि वय पुढे सरकत होतं. रात्री झोपताना मी त्या छताकडे बघणाऱ्या चेहऱ्याचा विचार करायचे. संस्थेच्या स्पीच थेरपिस्ट बाई त्याला 'आई', 'बाबा', 'पाणी' शिकवून थकल्या होत्या. तो त्यांच्या ओठांकडे बघायचा आणि गोड हसायचा.

मग एका शुक्रवारी सपाट रेघेवर एक फुगवटा आला. सावंत म्हणाला, पंखा लागला असेल. पंखा बंद करून पुन्हा घेतलं. होता. नंतरच्या वेळी जरा मोठा. उशिरा उठणारी, आळशी लाट होती, पण लाटच होती. मी सावंतला मिठी मारणार होते, तेवढ्यात तो इलेक्ट्रोडची पेस्ट घेऊन मागे सरकला.

सर हलले नाहीत. "एक फुगवटा म्हणजे भाषा नव्हे. मुलगा एक शब्द बोलत नाही. कमिटीपुढे याला आणू नकोस."

मी आणलं. दिल्लीचे दोघे गृहस्थ खुर्च्यांवर बसले होते. सर मोठ्या उत्साहानं इंग्रजीत समजावत होते. सुनंदा मयूरला मांडीवर घेऊन बसली होती आणि हिराबाई, बाजार बुडवून, दाराशी उभी होती. रेकॉर्डिंग झालं, लाट दिसली, पाहुण्यांनी माना हलवल्या. तेव्हा सरांना वाटलं, आपणही काहीतरी करून दाखवावं. त्यांनी मयूरच्या हातातली फुग्यांची बाटली काढून घेतली आणि वर धरली.

"से बाबा," सर म्हणाले. "बोल, बा-बा."

मयूरनं सरांकडे बघितलं. बाटलीकडे बघितलं. भुवया आवळल्या, मान तिरकी केली, उजवा हात पुढे पसरला, अगदी बाजारात पैसे मागतात तसा.

"मेल्या," तो म्हणाला. "दे!"

शब्द जड जिभेचा, नाकातून आलेला, पण खोलीतल्या प्रत्येक मराठी माणसाला कळला. सुनंदानं कपाळावर हात मारून घेतला. सावंत फुग्यांचं पाणी पुसायचं निमित्त करून टेबलाखाली गेला. सर बाटली धरून तसेच उभे.

"मी नाय हां शिकवलं!" दारातून हिराबाई ओरडली.

आणि तीच तर गंमत होती. कोणीच शिकवलं नव्हतं. शिकवलेले सगळे शब्द त्यानं हसून परत केले होते. हा त्यानं ऐकला होता. आजीशेजारी पाटावर बसून, दिवसचे दिवस, भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकांवर पडणारा तो शब्द त्याच्या त्या बोंबलाच्या वासाच्या डब्यातून आत गेला होता, कोणावर फेकायचा ते कळलं होतं, आणि वेळ आली तेव्हा बरोबर माणसावर फेकला होता. वर 'दे' जोडून. मूल नुसता शब्द बोलत नाही, दोन शब्द जोडून मागणी करतं, हे बघायला आम्ही लोक जन्म घालवतो. माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. मी स्क्रीनकडे तोंड करून उभी राहिले.

"व्हॉट डिड ही से?" दिल्लीच्या गृहस्थांनी विचारलं.

"ही सेड, सर, प्लीज गिव्ह," मी म्हटलं.

सरांनी बाटली दिली. पुढे मयूरला अभ्यासातून काढायचा विषय त्यांनी काढला नाही, एवढं त्यांचं श्रेय. ग्राफ शेवटपर्यंत अस्वच्छ राहिला आणि कमिटीनं तरी मान्य केला.

मयूर साध्या शाळेत गेला. बोलणं जरा जड राहिलं, काही अक्षरं कायमची हुकली. गेलेले महिने परत मिळत नाहीत, हेही तेवढंच खरं. पण तो बोलायचा, आणि सुनंदाच्या म्हणण्याप्रमाणे गरजेपेक्षा जास्त बोलायचा.

आम्ही त्यानंतर यंत्रवाटपाचा समारंभ बंद केला. हार नाही, नारळ नाही, माइक तर नाहीच. यंत्र सावंत द्यायचा, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, आणि मी शेजारी उभी राहून प्रत्येक आजीला एकच गोष्ट सांगायचे. हे वापरून वापरून खराब करा. सहा महिन्यांनी हे नव्यासारखं दिसलं, तर मी घरी येऊन भांडेन.